पणजोबांचं आडनाव कोणी बदललं?

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

आज पाहुणे नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. विषय थोडा लांबचा आहे, थेट इटलीचा. पण शेवटपर्यंत ऐका, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती मला जाहीरपणे सांगून टाकायची आहे.

झालं असं की, मी पुण्यात काम करते आणि आमची निम्मी टीम अमेरिकेत, न्यू जर्सीत बसते. त्या टीममध्ये साठीच्या उंबरठ्यावरचे एक गृहस्थ आहेत. ऑफिसात आम्ही सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतो, पण त्यांनी नाव सांगू नकोस म्हटलंय, म्हणून इथे मी त्यांना काका म्हणते. मनातल्या मनात तसंही काकाच म्हणते.

२०२३ मध्ये एका रात्री रिलीज अडकली होती. सर्व्हर वर येईपर्यंत करायला काही नव्हतं. काकांनी स्क्रीनवर एक फोटो उघडला. जुन्या वहीचं पान, तिरकी शाई, काही कळेना. म्हणाले, "ही जहाजावरच्या प्रवाशांची यादी आहे. माझे पणजोबा यात असायला हवेत. मला वीस वर्षांत सापडले नाहीत. तू सर्चचं काम करतेस ना? बघ बरं."

इथून सुरुवात झाली.

आधी थोडी पार्श्वभूमी. इटली एक देश म्हणून उभा राहिला १८६१ मध्ये. पण दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याच्या ताटात त्याने फारसा फरक पडला नाही. जमिनीचे तुकडे छोटे, बऱ्याच ठिकाणी मालक दुसराच, कर मात्र चालूच. मग माणसं निघाली. कोणी अर्जेंटिना, कोणी ब्राझील, कोणी अमेरिका. १८८० ते १९२४ या काळात एकट्या अमेरिकेत चाळीस लाखांहून जास्त इटालियन उतरले. त्यातले पुष्कळ जण कायमचे जायला निघालेच नव्हते. दोन-चार वर्षं खोदकाम करायचं, रेल्वेचे रूळ टाकायचे, पैसे गाठीला बांधायचे आणि परत यायचं. आपल्याकडे कोकणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्याचा हिशोब असायचा, अगदी तसाच.

काकांचे पणजोबा नेपल्सच्या आतल्या बाजूला असलेल्या आवेल्लिनो प्रांतातल्या एका गावचे. घरात ऐकलेली गोष्ट अशी: पणजोबा एलिस आयलंडवर उतरले, तिथल्या साहेबाला नाव उच्चारता येईना, त्याने वैतागून दुसरंच काहीतरी लिहिलं आणि आडनाव कायमचं बदललं. आणि दुसरी गोष्ट अशी की पणजोबा अमेरिकेवर इतके खूश, की आल्या आल्या अमेरिकन नागरिक झाले.

दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या.

पहिली आधी घेऊ. एलिस आयलंडचं केंद्र १८९२ मध्ये सुरू झालं. तिथले अधिकारी नावं लिहून घेतच नव्हते. त्यांच्या हातात जहाजाची यादी असायची, आणि ती यादी जहाज कंपनीचे कारकून प्रवास सुरू होतानाच तयार करायचे. म्हणजे नेपल्सहून निघालेल्या माणसाचं नाव नेपल्सलाच लिहिलं जायचं. अधिकारी त्या यादीतले प्रश्न फक्त पडताळून बघायचे: वय काय, धंदा काय, लिहिता-वाचता येतं का, तिकिटाचे पैसे कोणी दिले, खिशात किती आहेत, कोणाकडे चाललात. शिवाय तिथे दुभाषे होते. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला गार्डिया १९०७ ते १९१० या काळात तिथेच दुभाष्याचं काम करत होते. तेव्हा "साहेबाने नाव बदललं" ही गोष्ट अमेरिकेतल्या हजारो घरांत सांगतात, पण ती तशी घडलेली नाही.

मग पणजोबा सापडत का नव्हते? कारण काका स्वतःच्या आजच्या आडनावाने शोधत होते. त्यांचं आडनाव सांगत नाही, पण त्याच जातकुळीचं एक आडनाव घेऊ: यान्नुत्झी. इटलीत याचं स्पेलिंग 'आय'ने सुरू होतं, कधी 'जे'ने. तिथे उच्चार एकच, 'य'. अमेरिकेत 'जे' म्हणजे 'ज', त्यामुळे तोच माणूस जॅनुझी होतो.

आता एसक्यूएल लिहिणाऱ्यांना साउंडेक्स नावाचं फंक्शन माहीत असेल. ऐकायला सारखी असणारी नावं एका कप्प्यात टाकायची ही पद्धत. ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे बरं का. रॉबर्ट रसेल यांना तिचं पेटंट १९१८ मध्ये मिळालं आणि पुढे अमेरिकेच्या जुन्या जनगणनांची सूची तिच्यावरच केली गेली. पद्धत सोपी: पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांचे तीन आकडे करायचे. गोम त्या पहिल्या अक्षरात आहे. यान्नुत्झी 'आय'ने लिहिलं तर 'आय-५२०' आणि 'जे'ने लिहिलं तर 'जे-५२०'. आकडे तेच, कप्पा वेगळा. काका वीस वर्षं चुकीच्या कप्प्यात शोधत होते.

मी पहिल्या अक्षराची सूट देणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. पणजोबा दुसऱ्याच रात्री सापडले. १९०६, नेपल्सहून, वय १९, मजूर. आणि आडनाव अगदी शुद्ध, गावाकडे लिहितात तसंच.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खिशात बारा डॉलर होते."

त्यानंतर आम्हाला नादच लागला. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं 'आन्तेनाती' नावाचं पोर्टल आहे. आन्तेनाती म्हणजे पूर्वज. जुने जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले तिथे फुकट बघता येतात. नेपल्सच्या राज्यात ही सरकारी नोंदणी नेपोलियनच्या काळात, १८०९ मध्ये सुरू झाली. त्यामुळे गरिबातल्या गरीब माणसाचाही कागद असतो. आपल्याकडे कुलवृत्तांत असतात, पण ते ठरावीक घराण्यांचे. तिकडे मेंढपाळाच्या पोराचाही जन्म नगराध्यक्षासमोर, दोन साक्षीदारांच्या समक्ष लिहिलेला.

आणखी एक गंमत म्हणजे, जन्माच्या दाखल्याच्या समासात पुढे लग्नाची नोंद करतात. पणजोबांच्या दाखल्याच्या समासात १९११ चं लग्न होतं, त्याच गावात. म्हणजे माणूस अमेरिकेहून परत गेला होता! घरात कोणाला पत्ताच नव्हता. मग शोधल्यावर १९१२ ची दुसरी जहाजयादी मिळाली. १९१३ मध्ये पणजी आल्या. त्या शोधायला आणखी वेळ गेला, कारण इटालियन बायका जहाजावर माहेरच्या नावाने नोंदलेल्या असतात. पणजींच्या नावाखाली एक ओळ होती: मुलगी, वय १.

आता माझी पहिली चूक.

मी सगळी माहिती एका टेबलमध्ये भरत होते. जन्मतारखा, स्पेलिंग, सगळं एकसारखं करायचं, दुबार नोंदी काढून टाकायच्या, हे आमचं रोजचंच काम. काकांची एक आत्याआजी होती, काकांनी लहानपणी पाहिलेली. तिचा जन्म १९१८ चा. जहाजावरची मुलगी १९१२ ची. नाव तेच, आईबाप तेच. मी काकांना म्हणाले, "जहाजावर वय लिहिताना गफलत झाली असेल." आणि दोन ओळींची एक ओळ केली.

काकांना ते पटलं नाही. म्हणाले, "सहा वर्षांची गफलत? वर्षाच्या पोरीचं वय कोण चुकेल? आणि त्या साली जी जन्मलीच नव्हती, ती जहाजात कशी बसेल?" खरंच की. इतकी साधी गोष्ट मला दिसली नव्हती, कारण मला टेबल नीट दिसत होतं.

त्यांनी गावच्या कार्यालयाला पत्र पाठवलं. १९१२ चा जन्मदाखला आला. मग न्यू जर्सीतून मृत्यूचा दाखला मिळाला: १९१५, घटसर्प, वय २ वर्षं आणि काही महिने. दक्षिण इटलीत रीत अशी की पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं. आपल्याकडेही कित्येक घरांत नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तसंच. आणि ते मूल गेलं तर पुढच्या मुलाला तेच नाव पुन्हा ठेवायचं. आत्याआजी म्हणजे त्या नावाची दुसरी मुलगी. पहिलीचं नाव शंभर वर्षं त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं, आणि ती सापडल्यावर मी तिला दुबार नोंद म्हणून पुसलं.

मला दोन दिवस झोप लागली नाही. काका मात्र म्हणाले, "आता सापडली ना. ओळ परत घाल."

बरं, दुसरी गोष्ट. पणजोबा आल्या आल्या नागरिक झाले, ही. अमेरिकेच्या जनगणनेत परदेशी माणसासमोर दोन अक्षरं लिहायचे. 'ए-एल' म्हणजे परदेशी, 'पी-ए' म्हणजे पहिला अर्ज केलेला, 'एन-ए' म्हणजे नागरिक झालेला. १९२० मध्ये पणजोबांसमोर 'ए-एल'. १९३० मध्येही 'ए-एल'. १९४० मध्ये 'पी-ए'. म्हणजे चौतीस वर्षं हा माणूस नागरिक झालाच नव्हता.

मध्ये काय काय होऊन गेलं होतं बघा. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने दार जवळजवळ बंदच केलं. अख्ख्या इटलीला वर्षाला ३,८४५ जागा. मग दुसरं महायुद्ध. डिसेंबर १९४१ मध्ये इटली आणि अमेरिका समोरासमोर आले आणि नागरिक न झालेले सुमारे सहा लाख इटालियन एका रात्रीत 'शत्रुराष्ट्राचे परदेशी' ठरले. फोटोचं ओळखपत्र जवळ बाळगायचं, शॉर्टवेव्ह रेडिओ आणि कॅमेरे जमा करायचे, प्रवासाला परवानगी काढायची. बेसबॉलचा तेव्हाचा सगळ्यात मोठा खेळाडू जो डिमॅजिओ. त्याचे वडील जुझेप्पे सॅन फ्रान्सिस्कोत मासेमारी करायचे, तर त्यांनाही धक्क्यावर जायला बंदी. १२ ऑक्टोबर १९४२ ला, कोलंबस दिनी, इटालियनांवरचा हा शिक्का काढल्याचं जाहीर झालं.

काकांचे आजोबा, म्हणजे पणजोबांचा मुलगा, १९१६ मध्ये नेवार्कला जन्मलेला. तो अमेरिकन सैन्यात, आणि त्याच वेळी बाप सरकारदरबारी शत्रू. १९४३ मध्ये पणजोबांनी नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या अर्जावर त्यांचा फोटो आहे, मान ताठ, आणि खाली थरथरती सही. सहीत आडनाव अजूनही जुनंच, 'आय'ने सुरू होणारं. आणि मुलाच्या १९४० च्या सैन्यनोंदणीच्या कार्डावर 'जे'.

म्हणजे आडनाव साहेबाने बदललं नाही. मुलाने बदललं. का, ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. काका म्हणाले, "माझ्या आजोबांनी मला ती एलिस आयलंडची गोष्ट स्वतः सांगितली होती." एवढंच म्हणाले, आणि कॉल बंद केला.

आता या सगळ्यात काकांना एक व्यावहारिक गोष्टही हवी होती: इटलीचं नागरिकत्व. निवृत्तीनंतर काही वर्षं तिकडे राहायचं त्यांच्या मनात होतं. इटलीचा जुना नियम असा होता की नागरिकत्व रक्ताने पुढे जातं, पिढ्यांची मर्यादा नाही. अट एवढीच की मध्ये साखळी तुटता कामा नये; म्हणजे मूल सज्ञान होण्याआधी बापाने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं. पणजोबा नागरिक झाले १९४३ मध्ये, तेव्हा आजोबा २७ वर्षांचे होते. साखळी शाबूत! ज्या उशिराबद्दल घरात खोटी गोष्ट रचली होती, तोच उशीर पणतवाच्या कामी येणार होता.

इथे माझी दुसरी चूक.

कागद गोळा झाले तेव्हा आडनावाची पाच स्पेलिंगं होती. पणजीच्या नावाची चार. काका म्हणाले, "आधी वकिलातीची तारीख घेऊन ठेवतो, कागद नंतर बघू." मी म्हणाले, "नको काका. आधी सगळे दाखले दुरुस्त करून घ्या, सगळीकडे एकच स्पेलिंग येऊ द्या. मग तारीख घ्या. अर्धवट डेटा घेऊन कशाला जायचं?" मी फार ठामपणे म्हणाले. त्यांनी ऐकलं. एकेक दाखला दुरुस्त करण्यात वर्ष गेलं.

२८ मार्च २०२५ ला इटलीच्या सरकारने वटहुकूम काढला. मे महिन्यात त्याचा कायदा झाला. आता परदेशात जन्मलेल्याला सरसकट नागरिकत्व नाही. मुख्य अट अशी की आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणाकडे तरी फक्त इटलीचंच नागरिकत्व असायला हवं. काकांचे आजोबा नेवार्कला जन्मलेले, म्हणजे जन्मानेच अमेरिकन. संपलं.

आणि जुना नियम कोणाला लागू राहिला? ज्यांनी २७ मार्चपर्यंत अर्ज दिला होता त्यांना, आणि कायदा करताना भर घातली गेल्यामुळे, ज्यांना तोपर्यंत तारीख मिळालेली होती त्यांनाही. फक्त तारीख मिळालेली असती तरी चाललं असतं.

मी त्यांना फोन केला. माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, तू सल्ला दिलास, निर्णय माझा होता." त्यांनी असं म्हटलं म्हणून माझं ओझं हलकं झालं नाही. अजूनही नाही.

इटलीच्या सरकारचं म्हणणं मला समजतं. परदेशात नोंदलेले इटालियन नागरिक दहा वर्षांत सुमारे ४६ लाखांवरून ६४ लाखांवर गेले होते, आणि त्यातल्या अनेकांनी इटली पाहिलेलीही नव्हती. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा करता येतो. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत एक स्पेलिंग आणि नातवाच्या आधार कार्डावर दुसरं, म्हणून हेलपाटे घालणारी माणसं गोव्यात कोणालाही विचारा, ओळखीची निघतील.

गेल्या ऑक्टोबरमध्ये काका साधा पर्यटक म्हणून त्या गावी गेले. पणजोबांच्या धाकट्या भावाची नात तिथे राहते, वय ८१. काका दारात उभे राहून ओळख सांगत होते तर तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, हा अमेरिकेहून घराचा वाटा मागायला आला. कारण घराच्या कागदावर पणजोबांचं नाव अजून आहे! आपल्याकडे सातबाऱ्यावर मुंबईच्या काकांचं नाव असतं आणि गणपतीत ते घरी आले की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, तसंच.

काकांनी दुभाष्याकरवी सांगितलं की मला काही नको, फक्त घर बघायचंय. मग ती त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन गेली. ही खोली अमेरिकेतल्या पैशांतून बांधलेली, म्हणाली. तिच्या आजोबांनी ती कोणाला वापरू दिली नव्हती. का? तर भाऊ परत आला की त्याला झोपायला लागेल. शेवटी तिथे धान्य आणि कांदे ठेवायला लागले, पण घरात त्या खोलीला आजही 'अमेरिकेवाल्याची खोली' म्हणतात.

म्हणजे चौतीस वर्षं तो माणूस नागरिक का झाला नाही, याचं उत्तर बहुतेक त्या खोलीत होतं.

काकांनी तिला तिचं आडनाव कागदावर लिहायला सांगितलं. तिने लिहिलं, 'जे'ने. काका मला म्हणाले, "इथेही जे! मग 'आय' कोणाचा?" गावच्या कार्यालयात विचारलं. तिथला कारकून हसला. म्हणाला, त्या काळी आय आणि जे एकच, ज्याचा हात जसा वळेल तसा. बरोबर-चूक असं काही नव्हतंच.

मी ज्या चुका दुरुस्त करण्यात काकांचं एक वर्ष घालवलं, त्या चुका नव्हत्याच. प्रत्येक स्पेलिंग म्हणजे कोणीतरी कोणाचं तरी नाव ऐकून लिहिलं तो एकेक दिवस होता.

आता मी मूळ टेबलला हात लावत नाही. कागदावर जसं आहे तसं एका रकान्यात, माझा अंदाज दुसऱ्या रकान्यात. दोन ओळी सारख्या दिसल्या तरी लगेच एक करत नाही. तुम्ही तुमच्या घरचं काही लिहून काढणार असाल तर एवढं नक्की करा. आजी जे नाव जसं उच्चारते तसं लिहा, "शुद्ध" करू नका. दोन बहिणींचं नाव एकच येत असेल तर विचारा. आणि जी गोष्ट घरात सगळे अगदी एकसारखी सांगतात, तिचा एखादा कागद मिळतो का ते बघा.

काकांनी येताना त्या खोलीचा फोटो पाठवला. भिंतीवर त्यांनी एक छोटी चौकट लावून आणलीय: १९१२ मध्ये त्याच घरात जन्मलेल्या मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत. म्हातारीने जागा स्वतः दाखवली म्हणे, कांद्यांच्या वरती.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या घरातलं आडनाव, गाव, नाव कुठे बदललं असेल तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.